झाकणाचा सांधा

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात टाकीतल्या द्रावाचा पीएच मोजणारं एक पॅनेल होतं. दोन वर्षं त्यानं कुणाला त्रास दिला नाही. तिसरा पावसाळा संपला आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याचा आकडा उड्या मारू लागला. ७.२ वर शांत बसलेला आकडा एकदम ९ च्या वर जायचा, दोन-तीन सेकंद थरथरायचा आणि परत जागेवर यायचा. तेवढ्यात आम्ल सोडणारा डोसिंग पंप मात्र चालू होऊन गेलेला असायचा. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या मुलांनी प्रोब बदलला, कार्ड बदललं, पॉवर सप्लाय बदलला. काही फरक पडला नाही. शेवटी रात्रपाळीच्या एका फिटरच्या लक्षात आलं की सुपरवायझर साहेब पॅनेलसमोर उभे राहून वॉकीटॉकीचं बटण दाबतात, नेमका तेव्हाच आकडा उडतो.

वॉकीटॉकी जुनाच होता. साहेब जुने, त्यांची उभं राहायची जागाही जुनी. मग आधीची दोन वर्षं हे का झालं नाही?

मी तिथं दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, पण हा प्रश्न ऐकल्यावर राहवलं नाही. पॅनेलचं दार उघडलं. चौकटीच्या कडेनं तारेच्या बारीक विणीची पट्टी फिरवलेली होती. ती पांढरट भुकटीनं भरून गेली होती. बोट फिरवलं तर चुरा हाताला लागला. खालच्या बिजागरीजवळ पत्रा फुगला होता आणि रंगाचा पापुद्रा सुटला होता. आतल्या सर्किटात काहीही बदललेलं नव्हतं. दार आणि चौकट यांच्यामधला सांधा तेवढा गेला होता.

इलेक्ट्रॉनिक उपकरणाला धातूची पेटी दिली की बाहेरच्या रेडिओलहरी आत येणार नाहीत आणि आतल्या बाहेर जाणार नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत असते. पत्रा ते काम करतोही, आणि जवळजवळ फुकटात करतो. पेटीचं यश किंवा अपयश ठरतं ते पत्रा जिथं संपतो तिथं: झाकणाच्या कडेवर, दाराच्या फटीत, वायर आत शिरते त्या भोकात. बोईसर-तारापूरसारख्या ठिकाणी एका बाजूनं समुद्राची खारी हवा आणि दुसऱ्या बाजूनं कारखान्यांची आम्लाची वाफ असते, आणि दोघांचाही रोख त्याच सांध्यावर असतो.

याची चुणूक घरी बसून घेता येते. चपात्यांचा स्टीलचा डबा घ्या, आत मोबाइल ठेवा, झाकण घट्ट लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बहुतेक वेळा आतून रिंग ऐकू येते. आता तोच मोबाइल स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलमध्ये दोन-तीन पदर देऊन, कडा दुमडून नीट गुंडाळा आणि पुन्हा रिंग द्या. आता बहुधा फोन आवाक्याबाहेर असल्याचा निरोप येतो. डब्याचं स्टील फॉइलपेक्षा कितीतरी पट जाड, तरी डबा हरतो आणि फॉइल जिंकतं. डब्याचं झाकण वरवर घट्ट बसलेलं दिसतं, पण विजेच्या दृष्टीनं ते दोन-चार ठिकाणीच टेकलेलं असतं. अठरा सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला झाकणाभोवती सुमारे छप्पन्न सेंटिमीटर लांबीची फट असते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तेहतीस सेंटिमीटर. एवढ्या फटीतून ती सहज पार होते. शिवाय मोबाइलला लागतो किती थोडा सिग्नल! टॉवरजवळच्या सिग्नलची ताकद दहा लाखांपट कमी झाली तरी तो बोलू शकतो. त्याला गप्प करायचं तर कवचाला त्याहून मोठी मजल मारावी लागते.

पत्र्याचं काम इतकं सोपं का, ते पाहू. लहर धातूवर आदळली की पृष्ठभागात प्रवाह वाहू लागतात आणि ते प्रवाह लहरीचा मोठा भाग मागे परतवतात. जो थोडा भाग आत शिरतो तो झपाट्यानं विरतो. एका मेगाहर्ट्झला ॲल्युमिनिअममध्ये दर ०.०८ मिलिमीटर अंतर कापताना लहरीचा जोर एक-तृतीयांशाच्या जरा वर, ३७ टक्क्यांवर येतो. तांब्यात हे अंतर ०.०६६ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यात असे अठरा टप्पे बसतात. पलीकडे पोचेपर्यंत मोजण्यासारखं काही उरत नाही. आणि कंपनसंख्या वाढत जाते तसा हा टप्पा आणखी बारीक होतो. याला एक अपवाद आहे, विजेच्या वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र. ५० हर्ट्झला ॲल्युमिनिअममधला हाच टप्पा जवळजवळ बारा मिलिमीटरचा होतो. म्हणून मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारी किंवा रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या वाहिनीजवळ त्या क्षेत्रापुढे पातळ ॲल्युमिनिअमचा उपयोग नाही. तिथं लोखंडाची जात लागते. पण वॉकीटॉकी, मोबाइल, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा विद्युत किचकिचाट यांच्यापुढे कुठलाही साधा पत्रा पुरून उरतो.

मायकेल फॅरडेनं १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी चौकोनी खोली उभारली. लाकडाचा सांगाडा, त्यावर तांब्याची तार आणि धातूचा पातळ कागद. बाहेरून तिच्यावर विजेचा भार चढवून ठिणग्या उडवल्या. फॅरडे स्वतः आत जाऊन बसला, आणि त्याच्या उपकरणांना विजेचा मागमूसही लागला नाही. प्रयोग खराच थोर आहे. पण तो स्थिर विद्युतभाराचा होता आणि तिथं फटी खपून जातात. सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणाऱ्या लहरीला फट म्हणजे दरवाजा. पेटीच्या अंगावरून वाहणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत आडवी फट आली की त्याला वळसा घ्यावा लागतो, आणि तो वळसाच फटीची अँटेना करतो. इथं रुंदीला फारसं महत्त्व नाही, लांबीला आहे. कागदाइतकी बारीक पण पंधरा सेंटिमीटर लांब फट एक गिगाहर्ट्झला लहरीच्या अर्ध्या लांबीएवढी भरते, आणि ती उघड्या खिडकीसारखी वागते. उलट तेवढ्याच क्षेत्रफळाची बारीक गोल भोकं शेकड्यानं पाडली तरी नुकसान थोडं होतं. म्हणूनच हवा खेळायला लागणाऱ्या जागी चांगला डिझायनर लांब खाचा पाडत नाही, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या आणि अठरा मिलिमीटर लांबीच्या नळीतून वारा आरपार जातो, पण रेडिओलहर नळीतच मरते. एका नळीचा हिशेब केला तर ती लहरीचा जोर साठ हजार पटींनी खाली आणते. भोकं अनेक असली की प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, तरी पुष्कळ असतो.

आता दाराकडे वळू. कोकणपट्टीत पॅनेल घ्यायचं म्हटलं की गिऱ्हाईक पहिली मागणी करतं ती पाणी आत न जाण्याची, आणि ते बरोबरच आहे. आयपी ५५, आयपी ६५ असे आकडे पालघर-वसईकडच्या शेडमधल्या फॅब्रिकेटरलाही तोंडपाठ असतात. त्यासाठी दाराच्या कडेनं जाड रबर बसवतात. पाण्याचा थेंब अडतो. पण रबर वीज वाहून नेत नाही, त्यामुळं दार आणि चौकट यांच्यामध्ये सगळीकडून विजेची फट तयार होते. मुसळधार पावसात आत टिपूस जात नाही, आणि वॉकीटॉकीची लहर मात्र चारही बाजूंनी शिरते. यावरचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे: दोन पट्ट्या. बाहेरच्या बाजूला पाण्यासाठी रबर, त्याच्या आत लहरींसाठी वाहक पट्टी. क्रम उलटला तर वाहक पट्टी पावसात भिजते आणि वर्षभरात कामातून जाते.

वाहक पट्टी बसवली तरी तिच्याखाली काय आहे हे पाहावंच लागतं. पत्रा कापला, वाकवला, जोडला की तो पावडर कोटिंगला जातो. तिथं भुकटीला विजेचा भार देऊन ती पत्र्यावर बसवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. साठ-ऐंशी मायक्रॉनचा सुरेख, टणक थर तयार होतो. तो पक्का विद्युतरोधक असतो. म्हणून जिथं वाहक पट्टी टेकणार त्या कडेवर कोटिंगच्या आधी उष्णता सोसणारी हिरवी मास्किंग टेप लावावी लागते आणि भट्टीतून बाहेर आल्यावर ती सोलावी लागते. हे काम हातानं, एकेक कड धरून होतं. कारागिराच्या अंगठ्याला टेपची सवय झालेली असते, कोपऱ्यावर तो ती नखानं दाबून बसवतो, कारण कोपऱ्यातच रंग खाली शिरतो. त्याच्या या दहा मिनिटांवर पूर्ण पेटीची भिस्त असते. पण ड्रॉइंगवर ‘इथे रंग नको’ असं लिहिलेलं नसेल तर तो टेप लावणार कशाला? आणि लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा माल तपासणाराच उघडी कड बघून रंग राहिल्याचं सांगत पेटी परत पाठवतो. पॅनेल बनवणाऱ्यांकडून मी ही तक्रार अनेकदा ऐकली आहे, आणि मला ती अतिशय रास्त वाटते. उघडी कड हा दोष नसून तो पेटीचा कामाचा भाग आहे, हे खरेदी विभागापर्यंत पोचवणं डिझायनरचं काम आहे.

मग येतो गंज. उघडी कड म्हणजे गंजाला आमंत्रण, आणि बोईसरची हवा ते मोडत नाही. इथं दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा हा खरा धोका असतो. ओल्या मिठाच्या थरात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची छोटीशी बॅटरी बनते. त्यात एक धातू टिकतो आणि दुसरा झिजतो. दोघांच्या विद्युतविभवातला फरक जितका जास्त, तितकी झीज वेगानं. खारट हवेत हा फरक पाव व्होल्टच्याही आत ठेवावा, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. ॲल्युमिनिअमच्या पेटीला चांदीची पूड घातलेली रबरपट्टी लावली तर चाचणीत कवच उत्तम येतं, पण समुद्राकाठी ॲल्युमिनिअम पट्टीखालून पोखरलं जातं. त्या कारखान्यातल्या पॅनेलची चौकट जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती आणि पट्टी मोनेलची, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची. मोनेल गंजत नाही म्हणून कुणीतरी ते विचारानं निवडलं असणार. पण जस्त आणि मोनेल यांच्यात पाऊण व्होल्टहून अधिक फरक पडतो. मोनेल शाबूत राहिलं आणि त्यानं जस्ताला खाल्लं. ती पांढरी भुकटी जस्ताचीच होती, आणि ती वीज वाहत नाही. तीन पावसाळ्यांत दाराभोवतीची फट हळूहळू पुन्हा उघडी झाली.

दार सुधारलं तरी वायरींची गोष्ट उरते. पेटीत शिरणारी प्रत्येक वायर ही अँटेना असते. बाहेरचा उपद्रव गोळा करून ती थेट आत नेऊन सोडते. जाळीदार आवरणाची केबल वापरली की काम झालं असं समजून ते आवरण पेटीत आणून, पिळून, शेपटी करून अर्थच्या बोल्टला बांधायची पद्धत फार रुळलेली आहे. दहा सेंटिमीटरच्या शेपटीला १०० मेगाहर्ट्झवर साठ ओहमच्या आसपास अडथळा असतो. मीटर लावला तर तीच शेपटी शून्य ओहम दाखवते, कारण मीटर एकदिश प्रवाहानं मोजतो. म्हणून केबलचं आवरण पेटीच्या भिंतीलाच, सगळ्या बाजूंनी गोलाकार टेकलं पाहिजे. त्यासाठी आतून धातूच्या बोटांची कडी असलेले ग्लँड मिळतात. त्या ग्लँडखालचा रंगही खरवडलेला हवा, हे ओघानं आलंच.

हे सगळं इतकं महत्त्वाचं कधीपासून झालं, ते तारापूरलाच नीट दिसतं. बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की तारापूर अणुवीज केंद्र लागतं. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी उत्पादनात आलेल्या. तिसरी आणि चौथी भारतीय बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. त्यांतली चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये उत्पादनात आली. पहिल्या जोडीच्या काळात नियंत्रण म्हणजे रिले आणि काट्यांचे मीटर. रिलेची पट्टी हलवायला अनेक व्होल्ट आणि बऱ्यापैकी प्रवाह लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्या रेडिओलहरीला ते झेपत नाही. दुसऱ्या जोडीपर्यंत नियंत्रण संगणकावर आलं. आजच्या चिपमध्ये ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यात दीड-दोन व्होल्टांचंही अंतर नसतं, आणि त्याआधीचे संवेदकांचे सिग्नल तर हजारांश व्होल्टांत असतात. उपकरणं हुशार होत गेली तशी त्यांची कातडी पातळ होत गेली.

अणुवीज केंद्रांच्या जगात हा धोका लवकर ओळखला गेला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं एक सूचनापत्र काढलं. हातातल्या रेडिओसंचांमुळे केंद्रांतली उपकरणं भलत्या वेळी चालू-बंद झाल्याच्या घटना त्यात मांडलेल्या होत्या. २००० साली त्याच आयोगानं सुरक्षेशी संबंधित नियंत्रण-उपकरणांना अशा व्यत्ययाला तोंड देता आलं पाहिजे, यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली. हिशेब अगदी साधा आहे. पाच वॉटच्या वॉकीटॉकीला आदर्श अँटेना आहे असं धरलं तर दीड मीटरवर सुमारे १० व्होल्ट प्रति मीटर इतकं क्षेत्र तयार होतं. कारखान्यात वापरायच्या उपकरणांनी ८० मेगाहर्ट्झ ते एक गिगाहर्ट्झ या पट्ट्यात नेमक्या १० व्होल्ट प्रति मीटरपर्यंत न डगमगता काम करावं, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. म्हणजे वॉकीटॉकी पॅनेलपासून दोन पावलं दूर असेल तर मानक तुमच्या बाजूला आहे. पॅनेलला टेकून बोलणाऱ्याबद्दल ते काही हमी देत नाही.

उलट दिशेचा, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या लहरींचा त्रास सातपाटीच्या बंदरावर समजून घेता येतो. मासेमारीच्या बोटींवर आता एलईडी दिव्यांचा झगझगाट असतो. एलईडीच्या आत वीज तोडून-तोडून देणारं छोटं सर्किट असतं. स्वस्त दिव्यात त्याला ना फिल्टर, ना धातूचं कवच. त्यातून निघणारा किचकिचाट १५६.८ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो, आणि समुद्रावर मदतीची हाक द्यायचा व्हीएचएफ रेडिओचा सोळा नंबरचा चॅनेल नेमका तिथंच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलानं याबद्दल इशारा दिला आणि एक सोपी तपासणीही सांगितली. ती इथल्या प्रत्येक तांडेलानं करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. सगळे दिवे बंद करायचे, रेडिओ एखाद्या शांत चॅनेलवर लावायचा, स्क्वेल्चचं बटण फिरवून खरखर जेमतेम थांबेल इतकंच आणायचं. मग दिवे लावायचे. खरखर परत आली तर तो दिवा तुमच्या रेडिओचा कान बंद करतो आहे. दूरच्या बोटीची क्षीण हाक त्या खरखरीत बुडून जाईल.

पेटी चांगली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावं लागतं. मुंबईत या विषयातलं जुनं घर म्हणजे समीर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्हच्या कामातून १९८४ मध्ये ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि पवईला आयआयटीच्या आवारात तिचं मुख्यालय आहे. चाचणीची खोली आत गेल्यावर विचित्र वाटते. भिंतींवर आणि छतावर कार्बन घातलेल्या फोमचे निळे-काळे सुळके, त्यामागे फेराइटच्या लाद्या. आपला आवाजसुद्धा तोंडातून निघाल्याबरोबर हरवल्यासारखा होतो. मधोमध फिरतं मेज, त्यावर आपली पेटी, काही मीटरवर वर-खाली होणारी अँटेना. कारखान्यासाठीच्या साध्या उपकरणानं ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये दहा मीटरवर मीटरमागे १०० मायक्रोव्होल्टहून जास्त क्षेत्र टाकू नये, अशी मर्यादा आहे. सोसायचे १० व्होल्ट आणि सोडायचे व्होल्टचे दहा हजार भाग करून त्यातला एक. रेडिओ ऐकणाऱ्याचा कान इतका नाजूक असतो.

पहिल्या खेपेला आलेखावर मर्यादेच्या वर दोन-तीन सुळे निघाले नाहीत असं क्वचित घडतं. मग तांब्याच्या चिकटपट्टीचं रीळ बाहेर येतं. झाकणाच्या एका कडेवर पट्टी, पुन्हा मोजणी. दुसऱ्या कडेवर, पुन्हा मोजणी. पडद्याच्या खिडकीभोवती, मागच्या कनेक्टरभोवती. कुठली पट्टी लावल्यावर सुळा खाली बसतो, त्यावरून गळती सापडते. दिवसाच्या भाड्यावर घेतलेली खोली, घड्याळ पुढे सरकतंय आणि गुडघ्यांवर बसलेला इंजिनिअर बोटांनी तांबं दाबतोय, हे चित्र मी अनेकदा पाहिलं आहे. सुळा बसला की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल होतात. पण तांब्याची पट्टी लावलेली पेटी विकता येत नाही. परत जाऊन झाकणाला आणखी चार स्क्रू द्यायचे, कडेचा रंग काढायचा, वाहक पट्टीसाठी खाच ठेवायची. हे पहिल्याच ड्रॉइंगवर आलं असतं तर जवळजवळ काही खर्च नव्हता. साचा बनून गेल्यावर तोच बदल महिन्यांचा होतो. प्लास्टिकच्या पेटीत तर हे आणखी जाचतं. तिच्या आतून निकेलचा वाहक रंग किंवा ॲल्युमिनिअमचा मुलामा चढवावा लागतो, आणि दोन अर्धे जिथं मिटतात तिथं तो मुलामा कडेवरून वळून समोरच्याला टेकला पाहिजे. साच्यात ती वळणाची जागाच ठेवली नसेल तर मुलाम्याचे पैसे पाण्यात.

त्या कारखान्यातलं पॅनेल आम्ही एका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उघडलं. जुनी पट्टी ओरबाडून काढली, चौकटीची कड पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासली. दारावर आणि चौकटीवर कथिलाचा मुलामा दिलेल्या पट्ट्या बोल्टनं आवळल्या, त्यांच्या कडा सीलंटनं बंद केल्या, मध्ये कथिलाच्याच मुलाम्याची जाळी बसवली. दोन्हीकडे एकच धातू असला की बॅटरी बनत नाही. बाहेरून नवं रबर. मग मिलीओहम मोजणारा मीटर घेऊन दाराभोवती बारा ठिकाणी टोकं टेकवली. विमानांसाठीच्या एका जुन्या अमेरिकी लष्करी मानकात रेडिओ-व्यत्ययापासून जपायच्या जोडाला अडीच मिलीओहमची मर्यादा होती. आम्ही तेवढी हाव धरली नाही, तरी अकरा ठिकाणी पाचच्या आत आलं. बारावं ठिकाण खालच्या बिजागरीजवळचं, तिथं चाळीस. ती पट्टी परत सोडली, खाली रंगाचा एक पापुद्रा राहिला होता तो खरवडला, पुन्हा आवळली. चार.

सोमवारी सुपरवायझर साहेब त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि बटण दाबून बोलले. आकडा ७.२. ते दाराला टेकले आणि पुन्हा बोलले. आकडा ७.२. रात्रपाळीच्या त्या फिटरनं देखभालीच्या वहीत एक नवा रकाना आखला: दाराची पट्टी, बारा जागा, मे आणि ऑक्टोबर. बाराव्या जागेभोवती त्यानं लाल पेननं गोल केला.